बैलजोडी का हरली

९ डिसेंबर १९६३ रोजी गोवा, दमण आणि दीवच्या विधानसभेसाठी पहिल्यांदा मतदान झालं. एकूण जागा ३०. त्यांतल्या २८ गोव्याच्या, एक दमणची, एक दीवची. दोनच वर्षांपूर्वी, १९ डिसेंबर १९६१ला, ज्या पक्षाच्या सरकारने सैन्य पाठवून साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपवली, त्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. पदरात पडली ती दमणची एकुलती एक. सिंह निशाणीचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, मित्रांसह १६ जागा घेऊन सत्तेवर आला, हात निशाणीच्या युनायटेड गोवन्सला १२ मिळाल्या. काँग्रेसची निशाणी असलेली बैलजोडी गोव्यात कुठेच उभी राहू शकली नाही.

हा निकाल ऐकून पंडित नेहरू म्हणाले, ‘अजीब हैं गोवा के लोग’, असं गोव्यात आजही सांगतात. ते नेमकं कधी, कुणासमोर म्हणाले, हे सांगणारा प्रत्येक जण वेगळं सांगतो. पण हे उद्गार गोव्यात इतके रुजले की लोक ते कौतुकाने स्वतःलाच लावून घेतात. मला ते कधीच कौतुकाचे वाटले नाहीत. हरलेल्या पक्षाने मतदारावर टाकलेला तो ठपका आहे. आम्ही तुम्हाला मुक्त केलं आणि तुम्ही आम्हालाच घरी बसवलं, हा त्याचा अर्थ. गोव्यात त्यानंतर जे जे मोठे पराभव झाले, त्या प्रत्येकानंतर हरलेल्यांच्या तोंडून मी हाच सूर ऐकला. म्हणून त्या पहिल्या निकालाबद्दल सविस्तर लिहावंसं वाटतं. माझा जन्म अंत्रूज, म्हणजे फोंडा महालातल्या एका मुंडकाराच्या घरातला. त्या निवडणुकीच्या वेळी मी शाळकरी पोर होते, आणि ती निवडणूक आमच्या घरातूनच दोन बाजूंनी लढली गेली.

तो निकाल कळायचा तर आधी तेव्हाचं गोव्याचं गाव कळायला हवं. जमीन भाटकाराची. तिच्यात माड, सुपारी, आंबे, फणस, खाली शेत, आणि त्याच जमिनीच्या एका कोपऱ्यात मुंडकाराचं घर. घर मुंडकाराने बांधलेलं, पण पायाखालची जमीन त्याची नाही. त्या बदल्यात त्याने भाट राखायचं, माड पाडायच्या वेळी नारळ गोळा करून सोलायचे, भाटकाराकडे लग्नकार्य असलं की घरातली सगळी माणसं राबायला पाठवायची. चतुर्थीला भाटकाराच्या गणपतीवरची माटोळी सजायची ती मुंडकारांनी रानातून आणलेल्या फळांनी. कांगलां, माट्टुतीची फळं, घागऱ्यो, शेरवडां यांसाठी माझे वडील दोन दिवस डोंगर पालथा घालत, आणि आमच्या स्वतःच्या माटोळीला त्यातलं उरलंसुरलं येई. जो शेत कसायचा तो कूळ. आम्ही दोन्ही होतो. मळणी झाली की भात मोजायला भाटकाराचा माणूस खळ्यावर हजर असे, आणि त्याची रास वेगळी काढल्याशिवाय आमच्या घरी पायली जात नसे.

यातली सगळ्यांत बोचणारी गोष्ट छपराची. आमचं घर चुडतांनी, म्हणजे माडाच्या झावळ्यांनी शाकारलेलं होतं. दर वर्षी पावसाआधी चुडतं बदलावी लागत, आणि तरी आषाढात स्वयंपाकघरात तीन-चार ठिकाणी भांडी मांडून ठेवावी लागत. माझ्या वडिलांनी पै पै साठवून नळे, म्हणजे कौलं घ्यायचं ठरवलं. पण छपरावर नळे घालायचे तर भाटकाराची परवानगी हवी, आणि ती मिळेना. नळ्यांचं पक्कं घर उभं राहिलं की उद्या मुंडकाराला उठवणं जड जाईल, हा त्यामागचा हिशेब आमच्या वाड्यावरच्या लहान मुलांनाही ठाऊक होता. भाटकार मनाने दुष्ट होते असं मी म्हणत नाही. आमच्या भाटकारीणबाईंनी माझ्या आईला बाळंतपणात तूप पाठवलं होतं, आणि आई ते शेवटपर्यंत विसरली नाही. पण तूप मिळायचं आणि नळे मिळायचे नाहीत, अशी ती व्यवस्था होती.

आता उमेदवारांकडे वळते. काँग्रेसने गोव्यात उभी केलेली माणसं बहुतेक सज्जन होती, आणि कित्येकांचा त्याग खरा होता. पक्षाचे अध्यक्ष पुरुषोत्तम काकोडकर यांना पोर्तुगिजांनी १९४६च्या चळवळीनंतर हद्दपार करून पोर्तुगालला नेलं होतं. त्रिस्तांव द ब्रागांस कुन्हा, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांनीही तिकडच्या पेनिशच्या किल्ल्यातला तुरुंगवास भोगला. या माणसांपुढे आजही माझं डोकं लवतं. पण चळवळीतली माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात होती, नाहीतर मुंबईला, बेळगावला होती. गावातल्या बाईला ती ऐकून माहीत होती, पाहून नव्हे. गावात जे दिसत होते ते वेगळेच. सैन्य आल्यावर पांढरी टोपी चढवून काँग्रेसमध्ये शिरलेले जमीनदार, खाणवाले, व्यापारी. परवापर्यंत पोर्तुगीज आद्मिनिस्त्रादोरच्या दरबारात ज्यांची ऊठबस होती, तेच आता दिल्लीहून येणाऱ्या पाहुण्यांच्या गळ्यात हार घालत होते. मुंडकाराला हे दिसत होतं.

आमच्या भागात प्रचाराला आलेल्या उमेदवाराचं नाव मी लिहीत नाही, मतदारसंघही सांगत नाही. त्यांची नातवंडं आज माझ्याच गावच्या जत्रेला येतात. माणूस शिकलेला, बोलायला मृदू. पण त्यांची बैठक झाली ती भाटकाराच्या घरी, सोप्यावर. ते खुर्चीवर, शेजारी भाटकार खुर्चीवर, आणि वाड्यावरची माणसं खाली आंगणात उभी. बायका तर आंगणाच्याही पलीकडे, गोठ्याच्या कडेला. नारळ घेऊन जायचो तेव्हा आम्ही याच आंगणात उभे राहायचो. उमेदवार म्हणाले की भारत मोठा देश आहे, नेहरू मोठे नेते आहेत, गोव्याने त्यांचे हात बळकट करायला हवेत. खंडाविषयी एक शब्द नाही. मुंडकाराला घरातून उठवता येणार नाही असा कायदा करू, असंही नाही. कुणीतरी धीर करून विचारलं की शेताचं काय. तर ते बाजूला भाटकाराकडे बघून हसले आणि म्हणाले, ते सगळं सामंजस्याने होईल. माझे वडील घरी येऊन पानसुपारी लावत बसले, बोलले काहीच नाहीत.

उमेदवाराचा दोष भाटकार असण्यात होता असं कुणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही. मगोचे नेते भाऊसाहेब बांदोडकर काही कूळ-मुंडकार नव्हते. १९११ साली पेडण्यात जन्मलेले दयानंद बांदोडकर तोवर मोठे खाणमालक झाले होते, आणि १९६३च्या डिसेंबरात ते स्वतः उमेदवारही नव्हते. पुढे मडकईतून पोटनिवडणूक जिंकून ते विधानसभेत आले. पैसा त्यांच्याकडे गावच्या भाटकारापेक्षा कितीतरी जास्त होता. पण ते बोलायला उभे राहिले की आंगणातल्या माणसाकडे तोंड करून बोलत. गोमंतक मराठा समाजात जन्मलेला हा माणूस. देवळाच्या चौकात आपल्या माणसांना कुठे उभं करतात, हे त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. मार्च १९६३मध्ये स्थापन झालेला पक्ष नऊ महिन्यांत सरकार बनवतो, तेव्हा त्याच्याकडे संघटना किती असणार? पण मगोच्या सभेला गेलेला माणूस तीन गोष्टी घेऊन परतायचा. कुळाच्या हातची जमीन जाणार नाही, मुंडकाराचं घर मोडणार नाही, गावात मराठी शाळा येईल. गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण ही चौथी गोष्ट.

जाहीरनाम्यात मात्र विलीनीकरण पहिलं होतं, आणि ही उलटापालट पुढे फार महागात पडली. ते नंतर येईलच.

विलीनीकरणावर काँग्रेसचं म्हणणं काय होतं ते मतदाराला शेवटपर्यंत कळलं नाही. मुंबईची काँग्रेस म्हणे गोवा महाराष्ट्रात यावा, म्हैसूरच्या काँग्रेसला तो आपल्याकडे हवा होता, आणि १९६३च्या मे महिन्यात गोव्यात आलेले नेहरू गोव्याचं वेगळेपण राखण्याची ग्वाही देत होते. गोव्यातला काँग्रेसवाला या तिघांपैकी कोणाचं बोलणं लोकांना सांगणार? डॉ. जॅक द सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष स्पष्ट होता. गोवा वेगळा राहील, बस. सासष्टीतल्या मतदाराला त्यात गोंधळायला काही नव्हतं. सिंहवाला मतदार आणि हातवाला मतदार दोघेही घरून ठरवून निघाले. बैलजोडीचा मतदार कोण, हे बैलजोडीवाल्यांनाच सांगता आलं नसतं.

आणि आमच्या घरात बैलजोडीवाला होता. माझा मामा. १८ जून १९४६ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांची सभा झाली, तिला हजर असलेल्या पोरांपैकी तो एक. पुढे पत्रकं वाटताना सापडला, मार खाल्ला, आग्वादच्या किल्ल्यात राहिला. त्याच्या डाव्या कानाला ऐकू येत नसे ते त्या माराने. फोंड्याच्या बाजारात त्याचं किराणा मालाचं छोटं दुकान होतं, घर स्वतःच्या जागेत. तो रात्रंदिवस बैलजोडीसाठी फिरला. आमच्या वाड्यावर येऊन त्याने प्रत्येक घरी सांगितलं की पक्ष बघा, माणूस बघू नका. त्याला लोक मान देत, चहा देत, होय होय म्हणत.

आई मतदानाला गेली ती नऊवारी नेसून, जत्रेला जावं तशी. पोर्तुगिजांच्या काळात निवडणूक नावापुरती असे, मूठभर लोकांची. आदल्या वर्षी ग्रामपंचायतीसाठी मत द्यायला मिळालं होतं, पण सरकार कोणाचं यावं हे ठरवायला आईसारख्या बाईला कुणी प्रथमच बोलावलं होतं. केंद्र शाळेत होतं. भाटकारीणबाई आणि माझी आई एकाच रांगेत उभ्या होत्या, आई पुढे, त्या मागे. आईने सवयीने बाजूला होऊन त्यांना वाट दिली, तर तिथल्या अधिकाऱ्याने आईला परत पुढे बोलावलं. ही गोष्ट तिने आम्हाला इतक्या वेळा सांगितली की मी ती डोळ्यांनी पाहिली असं मला वाटतं. कागद दुमडायचा कसा हे तिने घरी वडिलांच्या विडीच्या कागदावर करून पाहिलं होतं, शिक्क्याची शाई दुसऱ्या निशाणीवर उमटू नये म्हणून.

निकाल लागला त्या रात्री मामा आला. तो ओरडला नाही. पायरीवर बसला आणि म्हणाला, “बाय, ह्याच दिसाखातीर हांव आग्वादांत कुसलों?” आईने त्याला पाणी दिलं आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “दादा, पाखलो गेलो. भाटकार खंय गेलो?” पाखलो म्हणजे पोर्तुगीज गोरा. मामाकडे उत्तर नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता, चांगल्यातला चांगला होता. पण त्याच्या घरावर नळे होते आणि पायाखालची जमीन त्याची होती. परक्या सत्तेशी लढताना त्याने जीव पणाला लावला, तरी आपल्याच बहिणीच्या छपराकडे त्याचं लक्ष गेलं नव्हतं. मला वाटतं गोव्यातल्या काँग्रेसची सगळी उणीव या एवढ्यात आली. १९२८ साली गोवा काँग्रेस कमिटी स्थापन झाल्यापासून तिने शत्रू एकच पाहिला, आणि तो गेल्यावर तिला करण्यासारखं काही दिसेना.

मामासारख्यांची निराशा मी हलकी लेखत नाही. तुरुंगवास, हद्दपारी, १५ ऑगस्ट १९५५ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर झालेला गोळीबार, एवढं सगळं होऊन लोकांनी हिशेबात धरलं नाही असं त्यांना वाटलं. पण आईने ते हिशेबात धरलं होतं. गोवा मुक्त झाला म्हणूनच ती त्या रांगेत पुढे उभी राहिली. मुक्तीचं मोल तिने मुक्ती वापरून दिलं. त्या मोलाची वसुली बैलजोडीच्या नावावर व्हायला हवी, ही अपेक्षाच चुकीची होती. शिवाय ‘अडाणी लोकांनी जात बघून मत दिलं’ असं पणजीच्या दिवाणखान्यांत बोललं गेलं, तेही मी पुढे शिक्षिका झाल्यावर खूप ऐकलं. जात होतीच. पण गोव्यात जमिनीचा नकाशा आणि जातीचा नकाशा एकमेकांवर ठेवला तर फारसा फरक दिसला नसता. मुंडकाराने आपल्या पोटाला मत दिलं की ते जातीला दिलेलं दिसायचं, आणि भाटकाराने भाटकाराला दिलं की त्याला तत्त्व म्हणायचे.

२० डिसेंबर १९६३ला बांदोडकर मुख्यमंत्री झाले. १९६४ साली कूळ कायदा आला, खंडावर मर्यादा आली, कुळाला सहजी हुसकावता येईना. खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडत गेल्या. कुठे देवळाच्या अग्रशाळेत, कुठे कुणाच्या पडवीत. त्यातल्याच एका पडवीत मी शिकले, आणि पुढे अशाच शाळांतून आयुष्यभर शिकवलं. त्यामुळे भाऊसाहेबांविषयी मी तटस्थ नाही, आणि तसा आव आणत नाही.

म्हणूनच १९६७विषयी लिहिताना हात जड होतो. जिंकलेल्यांनी आपला विजय चुकीचा वाचला. मगोचे नेते आणि त्याहून जास्त महाराष्ट्रातले त्यांचे पाठीराखे धरून चालले की १९६३चं प्रत्येक सिंहाचं मत म्हणजे विलीनीकरणाचं मत. १९६५ साली गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला. महाराष्ट्रातून पुढारी येऊ लागले, सभा भरू लागल्या. विधानसभेत बहुमत असलं तरी एवढा मोठा निर्णय जनतेला वेगळा विचारला पाहिजे असा सिक्वेरांनी आग्रह धरला. दिल्लीने तो मानला. १९६६च्या डिसेंबरात संसदेने जनमत कौलाचा कायदा केला, आणि कौल निष्पक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांचं सरकार बाजूला झालं. १६ जानेवारी १९६७ला मतदान. महाराष्ट्रात जायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं.

आमच्या घरातून सगळी मतं फुलाला गेली. अंत्रूज, डिचोली, सत्तरी, पेडणे या महालांनी फुलालाच कौल दिला. पण गोव्याचा एकूण निकाल लागला तो असा: दोन पानं १,७२,१९१, फूल १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. माझे वडील त्या दिवशी जेवले नाहीत. आमच्या शाळेच्या मास्तरांचे डोळे सुजलेले होते, आणि त्यांनी आम्हाला दिवसभर नुसती पाटी काढायला लावली.

मग तोच सूर पुन्हा सुरू झाला. गोवेकरांनी मराठीचा घात केला. पाद्र्यांनी लोकांना भडकावलं. भाटकारांनी पैसा ओतला. यातलं काहीच खरं नाही असं मी म्हणणार नाही. चर्चचं वजन होतं आणि भाटकारांचा पैसाही होता. पण तेवढ्याने फुलाचा पराभव होत नाही. आमच्या वाड्यापासून चार घरं सोडून एक रेंदेर राहायचा, माडाची सूर काढणारा. १९६३ला तो सिंहाच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे नाचला होता. कौलाच्या निकालानंतर त्याने माझ्या वडिलांना उघड सांगितलं की त्याने पानांवर शिक्का मारला. महाराष्ट्रात दारूबंदी होती. तिथले पुढारी सभांतून मराठी संस्कृतीवर, ज्ञानेश्वर-तुकारामांवर सुंदर बोलले, पण उद्या माझ्या सुरेचं काय होणार हे एकानेही सांगितलं नाही, असं तो म्हणाला. वडील त्याच्यावर चिडले. मला आज तो बरोबर वाटतो. तीन वर्षांपूर्वी सोप्यावरच्या काँग्रेस उमेदवाराला शेताविषयी विचारल्यावर जे झालं, तेच आता आमच्या बाजूने त्याच्याशी केलं होतं.

तो एकटा नव्हता. पणजीच्या कचेऱ्यांत नुकते चिकटलेले तरुण होते. गोवा महाराष्ट्राचा एक जिल्हा झाला की बढतीसाठी रत्नागिरीला नाहीतर मुंबईला तोंड करून बसावं लागेल, ही त्यांची भीती होती. कोकणीवर जीव असलेले हिंदू होते. दुसऱ्या बाजूने मराठीतूनच मराठी माणसाशी बोलणारं ‘राष्ट्रमत’ दैनिक होतं, चंद्रकांत केणींचं. त्यात उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लोक वाट बघून वाचत. उल्हास बुयांवांची गाणी गावोगाव पोचली होती. फुलाच्या बाजूला विद्वत्ता कमी नव्हती, पण मुंबई-पुण्याहून आलेला वक्ता गोवेकराला त्याचीच भाषा आणि त्याचाच इतिहास शिकवू लागला की समोरचा माणूस मान डोलावतो आणि मनातून दूर जातो. आपण घरी परत येतोय असं गोव्याला वाटायला हवं होतं. घरातला थोरला माणूस ताब्यात घ्यायला आलाय, असं वाटलं.

आणि मग २८ मार्च १९६७. कौलानंतर जेमतेम दहा आठवड्यांनी विधानसभेची निवडणूक झाली. विलीनीकरणात हरलेला मगो संपला असं पणजीत धरून चालले होते. मगोच्या १६ जागा आल्या आणि युनायटेड गोवन्सच्या १२. जवळपास होता तोच आकडा. आमच्या रेंदेराने पुन्हा सिंहावर शिक्का मारला. जानेवारीत हरलेल्यांना आणि मार्चमध्ये हरलेल्यांना, दोघांनाही लोक चक्रम वाटले. मला त्या दोन निकालांत तसूभर विसंगती दिसत नाही. लोकांना १९६३ सालीही कूळ-मुंडकाराचं राज्य हवं होतं आणि ६७ सालीही. ते त्यांना पणजीत हवं होतं, मुंबईत नव्हे. भाऊसाहेबांना हे इतरांच्या आधी कळलं असावं. कौलानंतर त्यांनी विलीनीकरण मागे ठेवलं आणि राज्य चालवलं.

पुढचं थोडक्यात. १२ ऑगस्ट १९७३ला भाऊसाहेब गेले, त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७५ साली मुंडकार कायदा आला, १९७६ साली कूळ कायद्यातली पाचवी दुरुस्ती, जिने कसणाऱ्या कुळाला मालक मानलं. भाटकार कोर्टात गेले, वर्षानुवर्षं खटले चालले, आजही मामलेदार कचेरीत मुंडकारांच्या फायली पडून आहेत. पण आमच्या घरावर नळे चढले ते त्याच सुमारास. वडिलांनी कुणालाही न विचारता मंगळूरचे नळे आणले. ते उतरवायला मामा आला होता. तो तोवर पन्नाशीला आला होता. ट्रकमधून एकेक नळा हातात घेऊन त्यावरची छापाची अक्षरं तो वाचून बघत होता. निवडणुकीचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही.

पाचव्या दुरुस्तीनंतर चारच वर्षांनी मगोवर हरायची पाळी आली. १९७७ला १५ जागांवर कसंबसं सरकार बनलं, १९७९ला आपल्याच माणसांनी ते पाडलं, आणि जानेवारी १९८०च्या निवडणुकीत मगोच्या ७ जागा उरल्या. आमच्या तालुक्यातले मगोचे जुने कार्यकर्ते तेव्हा जे बोलले ते मी जवळून ऐकलं. लोकांना जमिनी दिल्या, घरं दिली, शाळा दिल्या, आणि लोक उलटले, कृतघ्न झाले. मी त्यांच्यापैकी एकाला सांगितलं की हे शब्द मी लहानपणी माझ्या मामाच्या तोंडून ऐकले आहेत. त्यांना ते आवडलं नाही. पण उमेदवार कोण होते ते पाहा. दहा-पंधरा वर्षं सत्तेच्या सावलीत वाढलेली माणसं. घरी गेलं तर बाहेर थांबवणारी, कामासाठी तीन फेऱ्या मारायला लावणारी. ज्या मुंडकाराच्या मुलाला त्यांनीच शाळेत घातलं, तो आता पदवीधर होऊन नोकरी मागत होता, आणि त्याला ते अजून कूळ कायद्याचीच आठवण करून देत होते. त्याच्या बापाची मागणी पुरी झाली होती. त्याची स्वतःची मागणी ऐकायला कुणी बसलं नव्हतं.

काँग्रेसच्या बाजूला पुरुषोत्तम काकोडकर १९७१ साली पणजीतून लोकसभेवर निवडून गेले होते. मामाला त्याचा फार आनंद झाला होता. त्याने दुकानात पेढे वाटले. मात्र गोव्याचं राज्य काँग्रेसच्या हाती यायला १९८० उजाडावं लागलं, तेही आधी अर्स काँग्रेसच्या नावाने, २० जागा घेऊन. त्या सरकारचे मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे सत्तरीतले. ते १९७२ साली पहिल्यांदा विधानसभेत आले तेव्हा त्यांची निशाणी सिंह होती, आणि मंत्रिपदही त्यांना मगोच्याच सरकारात मिळालं होतं.